हाताने घडवलेले दागिने प्रदर्शनात विकायचे तर: अर्जापासून हिशेबापर्यंत, क्रमाने

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी हौसेने शे-दोनशे नग घडवायचे, मग कुठे स्टॉल मिळतोय का ते पाहायचं, आदल्या रात्री सगळं पिशव्यांत कोंबायचं आणि सकाळी टेबलावर आडवं पसरून ठेवायचं. संध्याकाळी माल तसाच परत येतो आणि खापर फुटतं डिझाइनवर किंवा लोकांच्या आवडीवर. खरं तर डिझाइनमध्ये काही खोट नसते. दागिना कुणाच्या हातातच गेलेला नसतो.

प्रदर्शनातली विक्री आरशासमोर होते. येणारं माणूस चालता चालता नजर टाकतं, थांबतं, एखादा नग उचलतं, कानाशी किंवा गळ्याशी धरतं आणि आरशात बघतं. या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी पुढचं काही घडत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच विचारा: यामुळे दागिना गिऱ्हाइकाच्या हातात लवकर जाईल की नाही?

टप्पा १: आधी प्रदर्शन ठरवा, मग घडवायला बसा

सगळी प्रदर्शनं सारखी नसतात. हस्तकलेच्या निवडक प्रदर्शनात परीक्षक मंडळ फोटो पाहून जागा देतं. तिथे येणारी माणसं हातकामाची किंमत जाणतात, पण कामाकडे बारकाईने बघतातही. साध्या जत्रेवजा बाजारात गर्दी भरपूर असते, मात्र बरीच माणसं नुसती फिरायला आलेली असतात. कॉमिक्स, अ‍ॅनिमे किंवा गेमिंगच्या चाहत्यांची कन्व्हेन्शन हा तिसरा आणि अगदी वेगळा प्रकार. तिथलं गिऱ्हाईक दोन-तीन दिवस फिरतं, पहिल्या दिवशी सगळं बघून ठेवतं आणि पुष्कळदा शेवटच्या दिवशी उरलेल्या पैशांत खरेदी करतं. त्याला स्वतःच्या आवडीची खूण अंगावर मिरवायची असते, त्यामुळे सर्वसाधारण नाजूक मोत्यांचं गळ्यातलं तिथे पडून राहतं.

शक्य असेल तर अर्ज करण्यापूर्वी ते प्रदर्शन एकदा गिऱ्हाईक म्हणून फिरून या. दागिन्यांचे स्टॉल किती आहेत ते मोजा. लोकांच्या हातातल्या पिशव्या बघा: खरेदी होतेय की नुसती चक्कर? दारापासून लांबच्या रांगेत गर्दी पोचतेय का? तासभर उभं राहिलात की आयोजकांच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

सावधान: प्रवेश फुकट आणि गर्दी प्रचंड म्हणजे विक्री जास्त, असं गणित मांडू नका. तिकीट काढून आलेलं माणूस बहुधा काहीतरी घ्यायच्या तयारीनेच आलेलं असतं.

टप्पा २: नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मगच अर्ज भरा

चांगल्या प्रदर्शनांचे अर्ज कित्येक महिने आधी बंद होतात. अर्जासोबत दागिन्यांचे फोटो लागतात आणि पुष्कळ ठिकाणी मांडलेल्या स्टॉलचाही एक फोटो मागतात. पहिल्यांदाच अर्ज करत असाल तर घरात किंवा अंगणात टेबल मांडून तो काढा. एका फोटोत एकच दागिना, साधी पार्श्वभूमी, बाजूच्या खिडकीचा उजेड. पाच फोटो मागितले असतील तर ते एकाच हातचे वाटले पाहिजेत. मण्यांचा एक, तारकामाचा एक, रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) एक अशी सरमिसळ पाठवली की परीक्षकाला तुमचं काम नेमकं काय तेच कळत नाही.

नियमांत या गोष्टी शोधा: तयार विकत आणलेली पेंडंट साखळीत ओवलेली चालतात का, टेबल आणि वीज ते देणार की तुम्ही आणायची, सामान उतरवायची वेळ कोणती, आगीला दाद न देणारं कापड सक्तीचं आहे का, रद्द केल्यास भाडं परत मिळतं का. ‘हस्तनिर्मित’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक आयोजकाची वेगळी असते. नियमात बसत नसाल तर विचारून घ्या. मांडलेला स्टॉल मधेच आवरायला लागण्यापेक्षा ते बरं.

कन्व्हेन्शनबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. प्रसिद्ध पात्रांचे चेहरे, नावं, बोधचिन्हं यांवर कुणाचा तरी हक्क असतो. परवानगीशिवाय ती दागिन्यांवर वापरली तर माल उचलायला लावू शकतात, पुढे कायद्याचं प्रकरणही होऊ शकतं. ‘सगळेच विकतात’ हे उत्तर तिथे चालत नाही. ड्रॅगन, तलवारी, चंद्रकोरी, फासे, मंत्राच्या वाटाव्यात अशा बाटल्या ही कुणा एकाची मालमत्ता नाही. त्या जगाचा माहोल स्वतःच्या हाताने उभा करा. तो विकलाही जातो आणि झोपही शांत लागते.

टप्पा ३: किंमत घरी, कागदावर ठरवा

शेजारच्या स्टॉलवर काय भाव आहे ते बघून किंमत लावणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. शेजारच्याचा कच्चा माल, वेळ आणि गरज तुम्हाला ठाऊक नसते.

एका नगाचा हिशेब असा करा. आकडे नमुन्याचे आहेत, चलन कोणतंही धरा. कच्चा माल ६०. घडवायला पाऊण तास आणि तुमची मजुरी तासाला २००, म्हणजे १५०. झाले २१०. अवजारांची झीज, वीज, वाया गेलेली तार, पाकिटं यांसाठी त्यावर दहा टक्के, म्हणजे २१. एकूण २३१. आता प्रदर्शनाचा खर्च: भाडं, प्रवास, मुक्काम, जेवण धरून ६००० आणि विक्रीचा अंदाज ६० नग, म्हणजे नगामागे १००. झाले ३३१. याच्या दीडपट साधारण ५००. ही किंमत.

आता उलट बाजूने तपासा. उद्या एखाद्या दुकानाने हाच नग निम्म्या भावाने मागितला तर २५० मिळतील. तिथे प्रदर्शनाचा खर्च नाही, त्यामुळे २३१ भागतात, पण जेमतेम. दुकानांना माल द्यायचा मनात असेल तर एक तर किंमत वाढवा किंवा पाऊण तासाचं काम अर्ध्या तासात आणा. सगळ्या कड्या एकदम वळून ठेवल्या, सगळे हुक एका बैठकीत घडवले, सगळी मणी-ओवणी एका दिवशी केली की वेळ खरोखर वाचतो.

मजुरी धरायला अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः हौसेने सुरुवात केलेल्यांना. तो बाजूला ठेवा. मजुरी न धरता विकलेला प्रत्येक नग तुमचंच नव्हे तर शेजारी बसलेल्या प्रत्येक कारागिराचं नुकसान करतो.

किंमत आकारली की ती सुट्या पैशांना सोयीच्या आकड्यावर आणा. दिवसभरात शंभर वेळा सुटे मोजण्यात गिऱ्हाइकं हातची जातात.

टप्पा ४: काय घडवायचं आणि किती

किमतीच्या तीन पायऱ्या ठेवा. खालची पायरी: पटकन उचलावं, भेट म्हणून द्यावं असं, बहुतेक वेळा छोटी कानातली. मधली पायरी: तुमचं खरं काम, विक्रीचा मोठा वाटा इथूनच यायला हवा. वरची पायरी: दोन-चार मोठे नग, ज्यांच्यापाशी लोक थांबतात. वरचे नग विकले नाहीत तरी आपलं काम करतात, त्यांच्यामुळे मधली पायरी परवडणारी वाटते. खालच्या पायरीचा ढीग मात्र करू नका. टेबल स्वस्ताईचं दिसलं की मधलं उठत नाही.

संख्येसाठी विक्रीच्या अंदाजापासून मागे या. ६० नग विकले जावेत असं वाटत असेल तर दीडशेच्या आसपास जवळ हवेत, पण टेबलावर एका वेळी साठ-सत्तरच. बाकी टेबलाखाली, प्रकारवार. नग उठला की तिथे लगेच दुसरा. रिकामी जागा आणि कोंबलेलं टेबल, दोन्हींनी गिऱ्हाईक पुढे सरकतं.

तीन-चार ओळखीच्या मालिका करा आणि प्रत्येकीत रंग व माप बदला. पंचवीस कल्पनांचे पंचवीस सुटे नग करण्यात कारागिराला आनंद आहे, गिऱ्हाइकाला गोंधळ आहे.

मापांची काळजी इथेच घ्या. गळ्यातलं ४५ सेंटीमीटरचं बहुतेकांना गळ्याच्या हाडापाशी बसतं. त्याला मागे पाच सेंटीमीटरची जादा साखळी लावली की कितीतरी जणांची अडचण मिटते. अंगठ्या उघड्या, मागेपुढे करता येणाऱ्या असतील तर मापांचा साठा धरून बसावं लागत नाही. बंद अंगठ्या असतील तर मापाच्या रिंगांचा जुडगा सोबत हवाच.

टप्पा ५: प्रत्येक नग हातात घेऊन तपासा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढे तक्रारी झेलतात. प्रदर्शनाच्या किमान आठवडाभर आधी, चांगल्या उजेडात, एकेक नग घ्या.

कडी बघा. ती उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नसतात, एक पुढे आणि एक मागे अशी सरकवायची. बंद करताना टोकं एकमेकांना घासून किंचित पलीकडे न्यायची आणि परत आणायची, म्हणजे तारेच्या ताणामुळे ती घट्ट भिडतात. नखाची कड सांध्यावरून फिरवा. नख अडकलं तर तिथून बारीक साखळी निसटणार. क्रिम्प मण्यावर, म्हणजे ओवलेल्या तारेचं टोक धरून ठेवायला पकडीने चेपलेल्या बारीक धातूच्या मण्यावर, दाब पुरेसा आहे ना हे बघायला गळ्यातलं दोन्ही हातांनी हलके ताणा. कानातल्याच्या हुकाचं टोक स्वतःच्या ओठावरून फिरवा. बोटाला जाणवत नाही तो खरखरीतपणा ओठाला जाणवतो. ओठाला लागलेला नग पुसूनच परत ठेवा. हुकाला ०.८ मिलिमीटरची तार बहुतेक कानांना चालते. याहून बरीच जाड असेल तर पुष्कळांच्या भोकातून जात नाही.

मग धातू. कान खाजण्यामागे बहुतेक वेळा निकेल असतं. युरोपीय संघात कान टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियमच आहे. त्वचेला चिकटून राहणाऱ्या बाकी दागिन्यांसाठी ती मर्यादा ०.५ आहे. तुमच्याकडे नियम कोणताही असो, हुक आणि काड्या टायटॅनियम, नायोबियम किंवा ९२५ चांदीच्या ठेवल्या तर ‘मला चालत नाही हो’ म्हणणारं गिऱ्हाईकही थांबतं.

शब्द जपून वापरा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. गोल्ड-फिल्ड म्हणजे वजनाच्या निदान एक-विसांश सोन्याचा थर उष्णता आणि दाबाने बसवलेला. मुलामा त्याहून फारच पातळ असतो आणि झिजतो. रंगवलेल्या हाउलाइटला (हा मुळात पांढरा, स्वस्त खडा) फिरोजा म्हणून विकणं ही फसवणूक आहे, पुरवठादाराने पाकिटावर तसं लिहिलं असलं तरी. शुद्धतेच्या शिक्क्याचे नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमहून जड चांदीचा नग चांदी म्हणून विकायचा तर त्याला अधिकृत शिक्का लागतो. आपल्या विक्रीच्या ठिकाणचा नियम घडवण्याआधी बघा.

तपासा: आठ-दहा नग स्वतः किंवा घरातल्या कुणाकडून दिवसभर वापरून घ्या. साखळी अडकवायचा फासा केसांत अडकतो, पेंडंट उलटं फिरतं, कानातलं जड होऊन खाली ओघळतं, हे टेबलावर कधीच कळत नाही.

टप्पा ६: प्रत्येक नगावर किंमत

किंमत विचारायला लागली की निम्मी माणसं विचारत नाहीत, निघून जातात. त्यांना वाटतं, विचारलं आणि परवडलं नाही तर लाज वाटेल. म्हणून प्रत्येक नगाला पट्टी हवी, सुवाच्य अक्षरात, नग न उलटता दिसेल अशी. एका ट्रेमधलं सगळं एकाच किमतीचं असेल तर ट्रेला एक उभी पाटी पुरते.

कानातली जाड कागदाच्या कार्डावर लावा. कार्डाच्या पुढे नाव आणि धातू, मागे निगा आणि संपर्क. कार्डावर असलं की जोडी हरवत नाही आणि कार्डासकट कानाशी धरून आरशात बघता येतं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे: टोचलेल्या कानात घालून बघू देऊ नका. हट्टच धरला तर हुक आधी आणि नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोती आणि मऊ खडे त्यातून वाचवून.

टप्पा ७: मांडणीची रंगीत तालीम घरी

जमिनीवर चिकटपट्टीने स्टॉलचं माप आखा. त्यात टेबल ठेवा, स्वतःची जागा धरा, सगळं मांडा. तालमीचा फोटो काढा, तोच त्या दिवशी नकाशा म्हणून उपयोगी पडतो.

पहिली अडचण उंचीची. टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. त्यावर आडवा ठेवलेला दागिना चार पावलांवरून दिसतच नाही, दिसतं ते कापड. म्हणून मागे जमिनीपासून १२० ते १५० सेंटीमीटर उंचीवर काहीतरी उभं हवं: गळ्याचे साचे, कानातल्यांची जाळी, टेबलावर भक्कम खोके ठेवून केलेल्या पायऱ्या. मागे उंच, पुढे बुटकं. हाताला सगळ्यांत जवळ ती गोष्ट ठेवा जी उचलायला सर्वांत सोपी आहे, म्हणजे कार्डावरची कानातली. काचेच्या झाकणाखाली फक्त वरच्या पायरीचे नग.

कापड एकरंगी, चमक नसलेलं. गडद करडं किंवा मळकट पांढरं बहुतेक धातूंना आणि खड्यांना चालतं. मखमलीवर धूळ आणि धागे दिसतात. कापड तीन बाजूंनी जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे, कारण खोकी त्याच्या आड राहणार आहेत. सहा फुटी टेबल १८३ बाय ७६ सेंटीमीटर असतं, म्हणजे कापड निदान ३३३ बाय १५१ हवं. हे माप न घेता आणलेलं कापड अर्ध्यावर लोंबतं आणि खालचा पसारा दिसतो.

मग उजेड. सभागृहातला वरचा पिवळट दिवा चांदीला मळकी करतो. रंग नीट दिसावेत म्हणून साधारण ४००० केल्विनचे (हे उजेडाच्या पिवळट-पांढरेपणाचं माप) आणि रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेले एलईडी दिवे घ्या आणि ते समोरच्या बाजूने, तिरपे दागिन्यांवर पाडा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जाता कामा नयेत. वीज मिळणार नसेल तर आधी गणित करा. ५ वॅटचे तीन दिवे आठ तास म्हणजे १२० वॅट-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर ७४ वॅट-तासांची असते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी देते. म्हणजे दोन लागतील आणि तिसरी हाताशी असावी.

आरसा! निदान दोन. एक टेबलावर, चेहरा आणि गळा दोन्ही दिसतील एवढा, एक हातात धरायचा. टेबलावरचा आरसा विक्रेत्याच्या बाजूला कोपऱ्यात नको, कानातल्यांच्या अगदी शेजारी हवा. नग उचलून माणसाला आरसा शोधत मान वळवावी लागली तर तो नग बहुधा परत ठेवला जातो.

तपासा: घरातल्या कुणाला तरी बोलवा, ज्याने मांडणी पाहिलेली नाही. काही न सांगता त्याला टेबलासमोरून चालायला सांगा. तो कुठे थांबला, काय उचललं, किंमत सापडली का, आरसा सापडला का एवढंच बघा. मधे बोलू नका.

टप्पा ८: पेट्या भरणं

उलट्या क्रमाने भरा. सकाळी सर्वांत आधी लागणारं सर्वांत वर: कापड, चिकटपट्टी, कात्री, मग उभे साचे, मग दागिने. प्रत्येक पेटीवर आत काय आहे ते लिहा.

चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. रबर, लोकर आणि काही पुठ्ठ्यांतही ते असतं, त्यामुळे रबरबँड लावलेली चांदी उघडली की पट्टा उमटलेला दिसतो. बंद होणाऱ्या पिशवीत, काळवंडणं रोखणाऱ्या कागदासोबत, एकेक नग वेगळा ठेवा. मोत्यांची कठीणता खनिजांसाठीच्या मोहस् मोजपट्टीवर २.५ ते ४.५, क्वार्ट्झची ७. एकत्र ठेवले तर मोत्यांवर चरे पडतात. रेझिनचे नग उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका, मऊ पडून वाकतात.

दुरुस्तीची छोटी थैली हवी: दोन पकडी, तार कापायची कात्री, कड्या, हुक, साखळीचे फासे, कानातल्यांच्या मागच्या फिरक्या, मऊ कापड. समोर उभ्या माणसाचं गळ्यातलं तिथल्या तिथे दोन सेंटीमीटर आखूड करून दिलं की तो नग गेलाच समजा. याशिवाय पावतीपुस्तक, पेनं, पिशव्या, पाणी, खाणं आणि सुटे पैसे.

उघड्या मैदानात तीन बाय तीन मीटरचा तंबू असेल तर प्रत्येक पायाला १८ ते २० किलो वजन बांधा. तंबू उडाला की तुमचाच नव्हे, शेजारच्याचाही माल जातो आणि माणसं जखमी होतात. यात काटकसर नको.

टप्पा ९: सकाळची मांडामांड

क्रम असा: तंबू आणि वजनं, टेबल, कापड, दिवे लावून बघणं, उभ्या गोष्टी, आरसे, आणि सर्वांत शेवटी दागिने. आधी दागिने काढले की दिव्यांच्या तारा ओढताना ते सांडतात, शिवाय मांडामांडीच्या गडबडीत कोण येतं-जातं याकडे लक्ष नसतं. पैसे घ्यायचं यंत्र किंवा क्यूआर कोड दार उघडण्याआधी एकदा खरा व्यवहार करून तपासा. गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क मंदावतं, तेव्हा दुसऱ्या कंपनीचं कार्ड असलेला फोन सोबत असावा.

वीस मिनिटं उरली की टेबलाच्या पलीकडे जा, रस्त्यावरून चालत या आणि एकदा गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. काहीतरी वाकडं दिसतंच.

टप्पा १०: विक्री

उंच स्टूल घ्या, म्हणजे बसूनही नजर समोरच्याच्या पातळीवर राहते. फोन बाजूला. हातात काहीतरी छोटं काम असू द्या: तार वळणं, मणी ओवणं. घडताना दिसलं की माणसं थांबतात, आणि तुम्ही त्यांच्याकडे टक लावून बघत नसल्यामुळे त्यांना मोकळेपणाने हात लावावासा वाटतो. ज्योत लागेल असं काम नको, बहुतेक आयोजक त्याला मनाईच करतात.

‘काही हवंय का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं ठरलेलं उत्तर ‘नाही, असंच बघतेय’ हे असतं आणि मग बोलणंच खुंटतं. त्याऐवजी ज्या नगावर नजर आहे त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगा. ‘दिसतात मोठी, पण उचलून बघा, हलकी आहेत.’ एवढं सांगून गप्प बसा. हात पुढे येतो, कार्ड उचललं जातं, वजन जोखलं जातं. आता आरसा किंचित त्यांच्याकडे वळवा. समोरचं माणूस मान तिरकी करतं, केस कानामागे घेतं. या क्षणी काहीही बोलू नका. ते माणूस निर्णय घेतंय. आपल्या मनातली भीती भरून काढायला विक्रेते इथेच बोलत सुटतात आणि हातातला नग परत खाली जातो.

घासाघीस होईल. किंमत पाडायची नाही हे आधीच ठरवून या, आणि शांतपणे सांगा. द्यायचंच असेल तर ‘दोन घेतल्यास इतकं’ असं द्या आणि ते पाटीवर लिहिलेलं असू द्या, म्हणजे सगळ्यांना सारखं मिळतं. तासाभरापूर्वी पूर्ण पैसे दिलेलं गिऱ्हाईक अजून तिथेच फिरत असतं, हे विसरू नका.

खास मागणीची कामं तोंडी घेऊ नका. नमुना, धातू, माप, तारीख, एकूण रक्कम आणि निम्मी आगाऊ, हे सगळं कागदावर, दोघांच्या सहीने. आधी कधीच न केलेलं तंत्र प्रदर्शनाच्या भरात कबूल करू नका.

सावधान: पैशांचा डबा टेबलावर नको, रोख कमरेच्या पिशवीत. डिजिटल पैसे आल्याचा संदेश स्वतःच्या फोनवर बघूनच नग द्या, समोरच्याने दाखवलेल्या पडद्यावर विसंबू नका. महागातला एका वेळी एकच नग बाहेर काढा. अंगठ्यांच्या ट्रेमध्ये एकही खाच रिकामी ठेवू नका, मग गेलेला नग लगेच कळतो. दोघे-तिघे एकदम वेगवेगळं विचारायला लागले तर टेबलापासून हलू नका. अनेक दिवसांचं प्रदर्शन असेल तर रात्री दागिने सोबत न्या. टेबल झाकणारं कापड म्हणजे कुलूप नव्हे. एकटे असाल तर पहिल्याच तासात शेजारच्याशी ओळख करून घ्या, आळीपाळीने नजर ठेवता येते.

टप्पा ११: आवरणं आणि हिशेब

वेळेआधी आवरायला घेऊ नका. नियमात ते बहुधा बसत नाहीच, शिवाय सकाळी बघून गेलेली माणसं शेवटच्या तासात परत येतात. अर्ध्या रिकाम्या टेबलासमोर ती थांबत नाहीत.

दिवसभरात जवळ एक वही ठेवा. विकलेल्या प्रत्येक नगाची मालिका, किंमत आणि साधारण वेळ लिहा. त्यासोबत आणखी दोन खुणा करा, ज्या जवळपास कुणी करत नाही: कोणता नग उचलून परत ठेवला गेला, आणि कोणता आरशापर्यंत जाऊन परत आला. घरी आल्यावर याच खुणा सर्वांत जास्त बोलतात. ज्याला कुणी हातच लावला नाही, त्याची जागा, उंची किंवा उजेड बदलून पाहा, त्यानंतरच डिझाइनला दोष द्या. जो उचलून पट्टी बघून ठेवला गेला, तिथे किंमत आणि दिसणं यांचा मेळ बसलेला नाही. कार्डावर धातू ठळक लिहा किंवा तो खालच्या पायरीच्या गर्दीतून बाहेर काढा. जो आरशापर्यंत जाऊन परत आला, त्यात माप, लांबी किंवा वजन चुकलेलं असतं. अशा नगाला जादा साखळी जोडणं किंवा खडा लहान करणं एवढ्यानेही काम होतं.

मग खर्च वजा करा आणि स्वतःच्या उभं राहण्याच्या दिवसांचीही मजुरी वजा करा. तरीही काही उरत असेल तर त्या प्रदर्शनाला पुन्हा अर्ज करा. उरत नसेल तर पावसाने किंवा आडबाजूच्या जागेने गणित बिघडवलं का ते पाहा. तसं असेल तर आयोजकांकडे पुढच्या वेळी कोपऱ्याची किंवा दाराजवळची जागा मागा. दोन्ही नसेल तर ते प्रदर्शन सोडा, कितीही ओळखीचं असलं तरी.

वहीतला हिशेब त्याच आठवड्यात मांडा आणि संपलेले हुक, पाकिटं, पट्ट्या तेव्हाच भरून पेट्या बंद करा. पुढच्या अर्जासाठी स्टॉलचा फोटो लागणार आहे. तो गर्दी सुरू होण्याआधी, दिवे लावलेले असताना काढलेला असला तर उत्तम.